लाओत्सेला चित्रात ओळखायचं कसं? रेडा, टेकणी, कान आणि बाकीच्या खुणा

अक्षांश
पांढरी दाढी आणि खाली शिंगांचं जनावर दिसलं की "लाओत्से" अशी पाटी लावून लोक मोकळे होतात. लिलावाच्या यादीत तर सर्रास. यातल्या बऱ्याच पाट्या चुकीच्या असतात, म्हणून हा धागा.

मुळात 'दाओ द जिंग' हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्या या चिनी तत्त्वज्ञाचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही. इतिहासकार सिमा छ्येनने इ.स.पू. १०० च्या सुमारास त्याचं छोटंसं चरित्र लिहिलं. आडनाव ली, नाव अर, चौ राजांच्या दप्तरखान्यात नोकरी. राज्याची उतरती कळा पाहून तो निघाला. खिंडीवरच्या नाक्याचा अधिकारी यिन शी याने अडवलं आणि जाण्याआधी काहीतरी लिहून द्या म्हणून गळ घातली. त्याने पाच हजार अक्षरं लिहून दिली आणि गेला तो गेलाच. याच मजकुरात सिमा छ्येन आणखी दोन माणसांची नावं घेतो आणि खरा कोण याचा निवाडा न करता सोडून देतो. नाकाडोळ्यांचं वर्णन शून्य.

मग चित्रकारांनी नावालाच हात घातला. 'अर' म्हणजे कान. त्याचं दुसरं नाव 'तान', म्हणजे लांब, लोंबत्या पाळ्यांचे कान. 'लाओ' म्हणजे म्हातारा. एवढ्या भांडवलावर दोन हजार वर्षं चेहरा रंगवला गेला: मोठे कान, टक्कल पडत गेलेलं उंच कपाळ, दाढी. बाकी सगळी ओळख हातातल्या आणि बुडाखालच्या वस्तूंवरून. त्या वस्तू कुठल्या काळात आल्या हे कळलं की पाटी बरोबर की चूक ते निम्मं तरी सांगता येतं. जाणकारांनी भर घालावी.

टाकीचे घाव
सुरुवात हान काळातल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) शिळांपासून करायला हवी. शानतुंगमधल्या च्याश्यांगला वू घराण्याची समाधिमंदिरं आहेत, इ.स. दुसऱ्या शतकातली, वू ल्यांगचं स्वतःचं मंदिर १५१ चं. १७८६ मध्ये ह्वांग यी या अधिकाऱ्याने गाडल्या गेलेल्या शिळा शोधून काढल्या आणि 'कन्फ्यूशियस लाओत्सेला भेटतो' ही शिळा जीनिंगला हलवली.

हा प्रसंग शानतुंगमधल्या अनेक शिळांवर आहे आणि मांडणी ठरलेली. दोघे समोरासमोर, किंचित वाकलेले. लाओत्सेकडे वाकड्या मुठीची काठी. कन्फ्यूशियसकडे बहुतेक वेळा भेट म्हणून आणलेला पक्षी. मागे रथ आणि शिष्यांची रांग. आणि दोघांच्या मध्ये कमरेएवढं पोर, हातात दांड्याला लावलेलं खेळण्यातलं चाक. तो श्यांग थुओ, सातव्या वर्षी कन्फ्यूशियसला निरुत्तर करणारा. हे पोर दिसलं की शिळेवर नाव नसलं तरी प्रसंग नक्की.

कोरण्याची पद्धत समजून घेतली नाही तर फोटोत काहीच कळत नाही. चुनखडीची फरशी घासून गुळगुळीत केलेली. आकृतीच्या बाहेरचा भाग जेमतेम खाली उतरवलेला आणि तिथे टाकीच्या उभ्या, समांतर, दाट रेघा तशाच ठेवलेल्या. आकृती सपाट, डोळा, बाही, पट्टा हे सगळं त्या सपाटीवर बारीक खोदलेल्या रेघेने. त्यामुळे शिळेवर कागद ठोकून शाईचा ठसा घेतला की माणूस काळाभोर येतो आणि पार्श्वभूमी राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची. आतली बारीक रेघ झिजली की चेहरा जातो, बाह्याकृती राहते. म्हणून या शिळांवरून "लाओत्सेचा चेहरा असा होता" म्हणणारे लोक सावलीवरून नाक मोजतात.

आकृतीशेजारी नावासाठी चौकट असते. कधी भरलेली, कधी कोरीच राहिलेली. कोरी चौकट पाहून नाव झिजलं असं धरून चालू नये. चौकटीच्या आत टाकीचा एकही घाव नसेल तर नाव कधी कोरलंच नव्हतं.

भातुकली
म्हणजे हान शिळांवर रेडा नाहीच?

टाकीचे घाव
या भेटीच्या प्रसंगात नाही. रथ आहे, घोडे आहेत. रेडा दुसऱ्या गोष्टीतला, खिंड ओलांडून जाण्याच्या. एकाच फरशीत दोन्ही प्रसंग कुणी दाखवत असेल तर ती फरशी दोनदा तपासावी.

अक्षांश
रेड्याबद्दल थोडं. सिमा छ्येनकडे जनावराचा उल्लेखच नाही. तो नंतरच्या सिद्धपुरुषांच्या चरित्रांमधून आला, 'छिंग न्यू' जोडलेल्या गाडीतून किंवा त्याच्या पाठीवर बसून गेला असा. न्यू म्हणजे गोवंश, सरसकट. बैलही त्यात आणि रेडाही. 'छिंग' या रंगाची खरी अडचण आहे. हिरवा, निळा, काळा, तिन्हीला तो शब्द चालतो. यंत्राच्या भाषांतरात "हिरव्या बैलावर बसून" असं येतं आणि लोक ते तसंच डकवतात. आपणही घननीळ म्हणताना काळा आणि निळा एकच करून टाकतो की! छिंग न्यू म्हणजे काळासावळा रेडा किंवा काळा बैल, एवढंच.

चित्रात रेडाच का जिंकला? लोयांगहून हानकू खिंडीकडे जाणारा रस्ता कोरड्या, पिवळ्या मातीच्या प्रदेशातला. तिथे पाण्यात डुंबणारा रेडा शोभत नाही. पण सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक), विशेषतः दरबार दक्षिणेला हांगचौला गेल्यावर, चित्रकारांच्या डोळ्यासमोर भातखाचरातला रेडा होता. त्यांनी तोच काढला. माझ्या मते चित्र कुठल्या प्रदेशातल्या हाताचं आहे याचा अंदाज म्हाताऱ्यापेक्षा जनावरावरून लवकर येतो.

(आपल्याकडे रेडा म्हणजे यमाचं वाहन नाहीतर पैठणला वेद म्हणणारा. दोन्ही अर्थ डोक्यातून काढून चित्र पाहावं लागतं. तिथे रेडा हे संथपणाचं आणि शेताभाताचं जनावर आहे, अशुभ अजिबात नाही.)

काजळमाया
रेड्याच्या गोंधळात मला सगळ्यात महत्त्वाची खूण राहून जाईल असं वाटतंय: टेकणी.

जमिनीवर चटईवर बसायच्या काळात चिनी घरात कमानीसारखी वळलेली, तीन पायांची बुटकी टेकणी असे. बसणाऱ्याच्या पोटासमोरून दोन्ही बाजूंना वळसा घालून येणारी, पाय बहुधा जनावराच्या पंजासारखे. आन्हुई प्रांतात मा-आनशानला चू रान या सेनापतीची कबर १९८४ मध्ये खोदली (तो वारला २४९ मध्ये), तीत लाखकाम केलेली खरी टेकणी मिळाली. म्हणजे ही कल्पनेतली वस्तू नव्हे, घरातलं सामान.

पाचव्या-सहाव्या शतकात दाओ पंथाच्या शिळा कोरायला लागले तेव्हा मोठी पंचाईत झाली. शेजारी बुद्धमूर्ती कोरणारेच कारागीर, तेच साचे, तीच बैठक. शान्शी प्रांतातल्या याओवांगशानच्या शिळांवर बुद्ध आणि दाओ देवता शेजारी शेजारी आहेत आणि पहिल्या नजरेत जुळे भाऊ वाटतात. फरक करायला टोपी, टोकदार दाढी, कमरेचा पट्टा आणि हातात 'चूवेइ' दिलं. चूवेइ हा पसरट पानासारखा, कडेने केस लावलेला कुंचा. फोटोंखाली त्याला सर्रास पंखा लिहितात. कडेला केसांच्या रेघा दिसल्या तर तो चूवेइ. नंतरच्या काळात तीन परमशुद्ध देवतांमधला लाओत्से (त्यात त्याचं नाव 'दाओद थ्येनत्सुन') खरोखरचा पंखा धरतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

टेकणी मात्र पक्की बसली. थांग राजघराण्याचं आडनावही ली, म्हणून त्यांनी लाओत्सेला आपला पूर्वज ठरवला. ६६६ मध्ये त्याला सम्राटाची पदवीही देऊन टाकली. त्या काळातली संगमरवरी मूर्ती शीआनच्या शिळावन संग्रहालयात आहे, ह्वाछिंग राजवाड्यातून आणलेली. तीत लाओत्सेच्या पुढ्यात हीच तीन पायांची टेकणी आहे. पुढे खुर्च्या आल्या, घराघरातून टेकणी हद्दपार झाली, पण लाओत्सेच्या मूर्तीत राहिली. समर्थांच्या चित्रात कुबडी असते तशी: ती दिसली की नाव विचारायची गरज नाही.

ओळखताना मधला पाय शोधा. तो गुडघ्यांच्या मध्ये, बहुतेकदा वस्त्राच्या चुण्यांत बुडालेला असतो. टेकणी कधी न पाहिलेल्या नंतरच्या कारागिरांनी नक्कल करताना हा पाय गाळला, मग उरलेली कमान पट्ट्यासारखी किंवा मांडीवर ठेवलेल्या वाकड्या काठीसारखी दिसते. मूर्ती दुरुस्त केलेली असेल तर सगळ्यात आधी याच जागी बघा.

निवडुंग
छ्वानचौची मूर्ती कशी विसरलात?

काजळमाया
तीच लिहायला येत होते. फूच्येन प्रांत, छ्वानचौ शहराबाहेर छिंगयुआन डोंगराच्या पायथ्याशी. सोंग काळातली, जागच्या जागी असलेल्या खडकातून काढलेली. उंची ५.६३ मीटर, रुंदी ८.०१, जाडी ६.८५. म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जास्त, आणि तिथेच कारागिराची अक्कल दिसते. खडक मुळात पसरट बुटका होता. जुन्या स्थानिक नोंदीत म्हटलंय की आकार निसर्गानेच दिला होता, हौशी लोकांनी थोडीशी टाकी चालवली. म्हणून उभा लाओत्से काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत. मांडी घालून बसवला, डावा हात गुडघ्यावर, उजवा टेकणीवर. खडकाचा सगळा पसारा गुडघे आणि बाह्या यांत खपला.

आधी तिच्याभोवती देवळं होती. ती पडली आणि मूर्ती उघड्यावर आली. त्यामुळे आज दिसते ती आडव्या उजेडातली मूर्ती कारागिराने योजलेली नव्हे. छताखाली, समोरून येणाऱ्या मंद उजेडात दाढीच्या खोल पन्हळी वेगळ्या दिसत असणार. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढलेला असेल तरच दाढीचे पदर कळतात, भर दुपारी सगळं सपाट. नाकापर्यंत हात पोचला तर माणूस १२० वर्षं जगतो अशी तिथली म्हण आहे. २०२१ मध्ये छ्वानचौच्या २२ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात ही मूर्ती आहे.

अक्षांश
झकास. आता "लाओत्से नसलेले लाओत्से". फसवणारे मुख्य चार आहेत.

शौशिंग, दीर्घायुष्याचा देव. कपाळ भोपळ्यासारखं फुगलेलं, डोक्याच्या निम्म्याहून अधिक. काठीला भोपळा, हातात पीच, जवळ हरीण किंवा करकोचा. लाओत्सेचं कपाळ उंच असतं पण माणसाचंच असतं.

चांग कुओलाओ, दाओ पंथातल्या आठ सिद्धपुरुषांपैकी. तो गाढवावर, आणि बऱ्याचदा उलटा तोंड करून.

रेड्यावर बसलेलं पोर, बासरी वाजवत. हे गुराखी. त्यातल्या दहा चित्रांची मालिका असेल तर ती ध्यानमार्गी (झेन) बौद्धांची 'हरवलेला बैल शोधण्याची', बाराव्या शतकापासून ठरलेली.

चौथा प्रकार भल्याभल्यांना चकवतो. ओढ्याकाठी एक जण कान धुतोय आणि दुसरा म्हातारा जनावराला दोरी धरून दूर नेतोय. कान आणि बैल दोन्ही आले, म्हणून पाटी लागते लाओत्सेची. ते शू यौ आणि चाओ फू. राज्य घ्या असं सम्राटाने म्हटलेलं ऐकून शू यौने कान विटाळले म्हणून धुतले, आणि त्या पाण्याने माझा बैल बाटेल म्हणून चाओ फूने त्याला वरच्या अंगाला नेलं. बैलावर कुणी बसलेलं नसेल आणि जवळ पाणी असेल तर आधी ही गोष्ट तपासा.

उलट बाजूने पक्क्या खुणा: हातात गुंडाळी, पूर्वेकडून येणारा जांभळट ढग (यिन शीने तो पाहूनच कुणीतरी मोठा येतोय हे ताडलं), आणि वाकून उभा असलेला नाक्यावरचा अधिकारी. तिन्ही असतील तर डोळे मिटून पाटी लावा.

सहाण
आता प्रत्यक्ष रंगवण्याबद्दल. इथे बरेच जण रेशमावरच्या जुन्या चित्रांच्या नकला करतात, त्यांना उपयोग होईल.

कच्चं रेशीम शाई पसरवतं, म्हणून आधी सरस-तुरटीचं पाणी द्यावं लागतं. १६७९ मध्ये छापायला सुरुवात झालेल्या 'मोहरीदाणा बाग' या चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकात प्रमाण दिलंय: उन्हाळ्यात ७ छ्येन सरसाला ३ छ्येन तुरटी, हिवाळ्यात १ ल्यांग म्हणजे १० छ्येन सरसाला तीच ३ छ्येन. एक छ्येन साधारण ३.७ ग्रॅम, म्हणजे उन्हाळ्यात अंदाजे २६ ग्रॅमला ११ ग्रॅम आणि हिवाळ्यात ३७ ग्रॅमला ११. तुरटी वेगळी, थंड पाण्यात विरघळवायची. गरम सरसात टाकली की ती 'शिजते' आणि काम करत नाही. हात तीन द्यायचे: पहिला हलका, दुसरा भरपूर पण नितळ, तिसरा अगदी पातळ. सरस जास्त झाला तर रंग मरगळतात आणि पुढे चित्राला भेगा जातात. तुरटी जास्त झाली तर वर पांढरी साय येते, कुंचला अडखळतो, रंगाला तेज राहत नाही. तुमच्या कामात रेघ मध्येच तुटत असेल तर कुंचल्याला दोष देण्याआधी तुरटी बघा.

क्रम असा: आधी बसलेला माणूस, मग जनावर. वस्त्राची कड रेड्याच्या पाठीवर पडते, ती रेघ आधी पक्की झाली की पाठ तिच्याखालून काढता येते. उलट केलं तर माणूस वर तरंगतो. नवशिक्यांच्या दहांतल्या आठ चित्रांत लाओत्से रेड्याच्या एक बोट वर हवेत असतो, त्याचं कारण हेच. अलीकडचा पाय गुडघ्यात वाकवून वस्त्राखाली दडवा आणि पोटाच्या बगलेला वस्त्राच्या दोनतीन चुण्या उतरू द्या. वजन आपोआप दिसतं.

दाढी: वीझलच्या केसांचा बारीक कुंचला, शाई कोरडसर. कुंचला कागदाच्या तुकड्यावर दाबून टोक फाकवायचं, मग एका फटकाऱ्यात पाचसहा केस उमटतात. मुळाशी सुरुवात करून टोकाला उचलायचं. कातडीतून केस निघाल्यासारखे दिसायला हवेत, म्हणून चेहऱ्याचा फिका रंग आधी देऊन वाळू द्या आणि पहिले केस त्या रंगावर चढवा. हनुवटीच्या रेघेपासून दाढी सुरू केली की ती दोऱ्याने बांधलेली वाटते, नाटकातल्यासारखी.

रेडा कच्च्या श्वान कागदावर (शाई शोषणारा चिनी हातकागद) जास्त खुलतो. बकरीच्या केसांचा मोठा कुंचला फिक्या शाईने भरायचा, टोक फक्त गडद शाईत बुडवायचं आणि आडवा टाकायचा. एका फटकाऱ्यात पाठीकडे गडद, पोटाकडे फिकं. शेजारचे दोन फटकारे एकमेकांत मिसळू द्यायचे नसतील (खांदा आणि मान) तर मध्ये दोऱ्याएवढी पांढरी जागा सोडा. कागद ओला असताना त्यावर केसांच्या रेघा मारायला गेलात तर सगळा लगदा. बराचसा वाळला, पण हाताला थोडा गार लागतो, त्या वेळी मारा.

आपल्याकडच्या हातांची खास चूक: सवयीने वशिंड आणि गळ्याखालची पोळी काढली जाते. रेड्याला दोन्ही नसतात. चालताना तो थोबाड पुढे, जवळपास पाठीच्या रेषेत धरतो, त्यामुळे शिंगं मागे मानेवर पडलेली दिसतात. शिंगं वर उभी काढली की तो बैल झाला.

बोरूबहाद्दर
जनावराच्या चुकीवरून सोंग काळातला कवी सू शी याने लिहून ठेवलेला किस्सा आठवला. थांग काळातल्या दाय सोंगचं झुंजणाऱ्या बैलांचं चित्र कुणीतरी जिवापाड जपलं होतं. ऊन द्यायला बाहेर काढलं तेव्हा गुराखी पोर हसलं: झुंजताना बैल शेपूट मागच्या पायांत दाबतो, यांनी तर उभारलीय!

सहाणबाई/बुवा, चांग लूचा रेडा या पद्धतीचा म्हणता येईल का?

सहाण
नुसतं सहाण चालेल. हो, बऱ्याच अंशी. चांग लू म्हणजे मिंग काळ, साधारण १४६४ ते १५३८. तायपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात त्याचा 'रेड्यावरचा लाओत्से' आहे, कागदावर शाई आणि फिके रंग. माणसाच्या वस्त्राची रेघ झटक्यात मारलेली, जाड-बारीक होणारी. जनावर मात्र ओल्या छटांतून बांधलेलं. हातात गुंडाळी आहे, पण तो वाचत नाही, वर उडणाऱ्या वटवाघळाकडे बघतोय. वटवाघूळ म्हणजे 'फू', आणि भाग्य हा शब्दही 'फू'. म्हणजे हे चित्र कुणालातरी शुभेच्छा म्हणून द्यायचं असावं असा माझा तर्क.

याच्या बरोबर उलट टोकाला चाओ मंगफू. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्याची १३१६ ची गुंडाळी आहे, बारीक अक्षरात पूर्ण 'दाओ द जिंग' आणि सुरुवातीला उभा लाओत्से. रंग नाही, छटा नाही, रेडाही नाही. नुसती सारख्या जाडीची रेघ. सोपं वाटतं म्हणून नवखे इथून सुरुवात करतात आणि आपटतात, कारण चूक झाकायला छटाच नाही.

आणि तिसरा मूछी, तेराव्या शतकातला ध्यानमार्गी भिक्षू. त्याचा लाओत्से जपानमध्ये ओकायामाच्या प्रांतिक कलासंग्रहालयात आहे आणि तिथे त्याला लाडाने 'नाकातल्या केसांचा लाओत्से' म्हणतात. नाकपुड्यांतून खरोखर केस बाहेर आलेत. देव म्हणून, सम्राट म्हणून रंगवून झालेल्या माणसाला त्याने पुन्हा म्हातारा केलं. मला हे तिघांतलं सगळ्यात थोर वाटतं, मतभेद असू शकतात.

भातुकली
रेशमावरच्या एका चित्राच्या फोटोत दाढी आणि भुवया काळपट करड्या दिसतात. तरुण लाओत्से असा प्रकार असतो का?

सहाण
बहुधा पांढराच असावा. शिसं असलेला पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळा पडतो. जुन्या चित्रात पांढरं ते काळं होण्याचं हे नेहमीचं कारण. दाढीबरोबर करकोचे, ढगांच्या कडा, डोळ्यांचा पांढरा भाग हेही काळवंडले असतील तर खात्रीच. संग्रहालयातले लोक हायड्रोजन पेरॉक्साइड नेमक्या जागी लावून तो परत पांढरा करतात. घरी करू नका, रेशीम जळतं.

निवडुंग
थांग काळातला चित्रकार वू ताओत्झी याने काढलेला लाओत्से अजून आहे ना? सूचौला शिळेवर आहे. आठव्या शतकातलं अस्सल काम हेच एक.

टाकीचे घाव
थांबा. सूचौच्या श्वानम्याओ मंदिरातली ती शिळा १२२५ ची. चित्र वू ताओत्झीचं, स्तुती थांग सम्राट श्वानत्सोंगची, अक्षर यान चेनछिंगचं अशी तीन मोठी नावं तिच्यावर आहेत, पण दगडात उतरवलं चांग युनदीने, साडेचारशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे रेघ आहे ती कोरणाऱ्याची. वू ताओत्झीची ख्याती होती ती फुगत-निमुळती होत जाणाऱ्या, वाऱ्यात उडणाऱ्या रेघेसाठी, आणि टाकीला नेमकं तेच अवघड. जाडी बदलायची म्हणजे खोबणीची रुंदी बदलायची. वस्त्राचा झोत त्याच्या पठडीतला आहे एवढं म्हणता येईल. लोयांगला लाओत्सेच्या मंदिरात त्याची भिंतचित्रं होती, तू फूने ती पाहून कविता लिहिली. ती भिंत आता नाही.

निवडुंग
मान्य. "अस्सल" मागे घेतो. ठशांच्या नकलांत फरक का पडतो मग? तीन ठसे पाहिले, तीन वेगळे चेहरे.

टाकीचे घाव
ठसा कसा घेतात यावर सगळं आहे. दगड ओल्या, मऊ कुंच्याने साफ करायचा. श्वान कागद 'पायजी' या आमराच्या (ऑर्किडच्या) जातीच्या कंदाच्या चिकट पाण्याने ओलसर करून दगडावर पसरवायचा, मधून कडेकडे हवा काढत. वर नमद्याचा तुकडा ठेवून ताडाच्या काथ्याच्या कुंच्याने ठोकायचं, म्हणजे कागद खोबणीत उतरतो. मग थांबायचं. कागद बराचसा वाळून पांढरट दिसायला लागला की कापसाची पुरचुंडी शाईच्या दुसऱ्या पुरचुंडीवर टेकवून हलक्या हाताने थोपटत जायचं, पाचसहा फेऱ्यांत.

घाईने ओल्या कागदावर शाई लावली तर ती खोबणीत शिरते, बारीक रेघ बुजते आणि दगडावरही डाग पडतो. फार वाळू दिला तर कागद दगड सोडतो आणि रेघ दुहेरी येते. पुरचुंडी घासली (थोपटायची सोडून) तर कागद सरकतो. लाओत्सेच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या या शिळेवरच्या सगळ्यात उथळ रेघा, त्याच आधी जातात. म्हणून एका ठशात तो हसरा आणि दुसऱ्यात कोरा. त्यात दगड वर्षानुवर्षं थोपटून झिजतो, तेव्हा जुना ठसा आजच्या दगडापेक्षा जास्त सांगतो.

बोरूबहाद्दर
भारताशी संबंध असलेला एक प्रकार राहिला. पश्चिमेला गेलेला लाओत्से भारतात पोचला आणि बुद्ध हा त्याचाच शिष्य किंवा अवतार, असा दावा दाओ पंथीयांनी केला होता. तेराव्या शतकात त्याची सचित्र छापील आवृत्ती निघाली, लाओत्सेची ८१ रूपं. बौद्ध अर्थातच खवळले. मंगोल दरबारात वाद झाले, १२५८ मध्ये दाओवाले हरले, पुस्तकं आणि ठोकळे जाळायचे हुकूम निघाले, १२८१ मध्ये पुन्हा. तरी नंतरच्या छपाया उरल्याच.

त्याआधी सातव्या शतकात ह्युएन त्संगला (आपल्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा तोच) सम्राटाने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात उतरवायला सांगितलं होतं. 'दाओ'ला 'मार्ग' म्हणायचं की 'बोधी', यावरून दाओ पंडितांशी त्याची चांगलीच जुंपली. तो 'मार्ग'वर अडून राहिला.

भातुकली
आणि ते व्हिनेगरच्या रांजणाभोवतीचे तिघे?

अक्षांश
बुद्ध, कन्फ्यूशियस, लाओत्से. बोट बुडवून चाखताहेत. जपानमध्ये कानो घराण्याच्या चित्रकारांनी पुष्कळ रंगवलं. जुन्या चित्रांत तिघांचीही तोंडं आंबट झालेली असतात, कारण मुद्दा तीन मतं एकच चव सांगतात हा. लाओत्से एकटा हसतो हे अलीकडचं पाश्चात्त्य वाचन. शिवाय याच मांडणीत सू शी, ह्वांग थिंगच्येन आणि भिक्षू फोयिन हे तिघंही असतात. त्यामुळे टोप्या बघितल्याशिवाय नावं लावू नयेत.

निवडुंग
शेवटचं. रेड्यावरच्या लाओत्सेच्या पितळी-कांस्य धूपदाण्या विकायला असतात, त्यात काय बघावं?

टाकीचे घाव
माणूस हेच झाकण असतं. तो उचलून बघा. बसायची जागा आणि भोकाची कड नेमकी जुळायला हवी. डुगडुगत असेल तर स्वार दुसऱ्या रेड्याचा. दोघांच्या धातूवरचा रंग आतल्या बाजूने ताडून पाहा, बाहेरचा रंग कुणीही चढवतं. धूर बहुधा रेड्याच्या तोंडातून निघतो, म्हणून घशाच्या वाटेत काजळी आहे का ते काडीला कापूस गुंडाळून तपासा. आतून लख्ख आणि बाहेरून "तीनशे वर्षांची" असेल तर ती कधी पेटलीच नाही. आणि स्वाराच्या हातात पीच असेल तर वर अक्षांश यांनी लिहिलेला शौशिंग पुन्हा वाचा.